पडद्याचा उजेड आणि डोळ्यांची चुरचुर

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळची गर्दी संपत आली होती. शेवटच्या रुग्णांत आमच्या गावातलीच एक मुलगी होती. मुलगी म्हणतो ते तिला लहानपणापासून ओळखतो म्हणून. आता ती बत्तीस वर्षांची, दोन मुलांची आई आहे. बाजारपेठेत एका गाळ्यात ती संगणकावर फॉर्म भरून देण्याचे, सातबारा आणि दाखले काढून देण्याचे काम करते. सकाळी साडेनऊला बसते ती रात्री आठलाच उठते.

"डॉक्टरकाका, डोळ्यांत सारखी माती गेल्यासारखं वाटतंय. संध्याकाळी डोकंही धरतं. ते मागचे थेंब परत लिहून द्या ना, संपलेत," ती म्हणाली.

"मागचे कुठले गं?" मी विचारले.

तिने पर्समधून थेंबांची रिकामी बाटली काढून माझ्या हातात ठेवली. नाव वाचले आणि मी दचकलो. प्रतिजैविक आणि स्टिरॉइड यांचे ते एकत्र औषध होते. आठ महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या ॲलर्जीसाठी मीच ते लिहून दिले होते, पाच दिवसांसाठी. पाच दिवसांत तिला बरे वाटले. पुढे पंधरा दिवसांनी पुन्हा चुरचुर सुरू झाली. तिने बाटली औषधाच्या दुकानात दाखवली आणि दुकानदाराने तशीच दुसरी दिली. मग तिसरी, चौथी. आठ महिन्यांत किती बाटल्या झाल्या हे तिला सांगता येईना.

दुसऱ्याच दिवशी तिला जिल्ह्याच्या ठिकाणी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. डोळ्याच्या आतला दाब साधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका असतो. तिच्या एका डोळ्यात तो २९ आणि दुसऱ्यात २७ निघाला. स्टिरॉइडचे थेंब दीर्घकाळ वापरले की काही जणांच्या डोळ्यांतला दाब असा वाढतो. तो वाढलेला राहिला तर दृष्टीची नस हळूहळू सुकते. यालाच आपण काचबिंदू म्हणतो, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. तिचे दैव बलवत्तर, नस शाबूत होती. थेंब बंद केल्यावर दीड महिन्यात दाब उतरला.

चूक तिची होती, दुकानदाराची होती आणि माझीही होती. "पाच दिवस" एवढे चिठ्ठीवर लिहून मी मोकळा झालो. "हे औषध पुन्हा घ्यायचे नाही" हे तोंडाने सांगितले नाही. आणि "तू दिवसभर काय काम करतेस, कुठे बसतेस" हे तर विचारलेच नाही. ते विचारले असते तर तिच्या चुरचुरीचे मूळ तेव्हाच कळले असते. ते डोळ्यांत नव्हतेच, टेबलावर होते.

गाळ्यात काय दिसले?

पुढच्या आठवड्यात माझ्याच एका कागदाच्या निमित्ताने तिच्या गाळ्यात गेलो. पाच मिनिटे नुसता उभा राहून पाहत होतो. ती रस्त्याकडे तोंड करून बसते. समोर मॉनिटर आणि त्याच्या मागे उघडे शटर, बाहेर लख्ख ऊन. त्या उन्हापुढे पडदा फिका दिसतो म्हणून पडद्याचा उजेड, म्हणजे ज्याला ब्राइटनेस म्हणतात तो, तिने शंभरावर नेऊन ठेवलेला. संध्याकाळी ऊन जाते, पण ब्राइटनेस शंभरच राहतो. मॉनिटर सीपीयूच्या आडव्या डब्यावर चढवलेला, त्यामुळे मान वर आणि डोळे ताणून उघडे. शेजारच्या टेबलफॅनचा वारा थेट तोंडावर. आणि सगळ्यांत गमतीची गोष्ट म्हणजे मी उभा असतानाच वीज गेली. ट्यूबलाइट विझली, पण यूपीएसवर संगणक चालूच. काळोख्या गाळ्यात तो एकच पांढरा चौकोन आणि त्यात डोळे खुपसून बसलेली ही.

वाचकहो, आज तलाठी कार्यालयापासून किराणा दुकानापर्यंत आणि शाळेपासून घरापर्यंत संगणक पोहोचला आहे. हा गाळा थोड्याफार फरकाने आपल्या सर्वांचाच आहे. म्हणून आज औषधांऐवजी त्या टेबलाबद्दल लिहितो.

पापणी मिटायला विसरते

आपल्या डोळ्यांवर अश्रूंचा एक अतिशय पातळ थर सतत पसरलेला असतो. तो नुसत्या पाण्याचा नसतो. बुब्बुळाला चिकटून राहणारा बुळबुळीत भाग, मध्ये पाणी आणि वर तेलाची साय अशी त्याची रचना असते. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींतून येते. पाणी लवकर उडून जाऊ नये हे त्या तेलाचे काम. पापणी मिटली की शेणाने अंगण सारवावे तसा हा थर पुन्हा सारखा पसरतो.

गप्पा मारताना किंवा नुसते बसलेले असताना माणसाची पापणी मिनिटाला साधारण पंधरा ते वीस वेळा लवते. पडद्याकडे टक लावून पाहताना हे प्रमाण निम्म्यावर, कित्येकदा एक तृतीयांशावर येते. शिवाय जी लवते तीही पुष्कळदा अर्धवट मिटते. मग थर जागोजागी सुकतो. कचरा गेल्यासारखे वाटते, चुरचुरते, डोळा लाल होतो, क्षणभर अक्षरे धूसर दिसतात आणि पापणी मिटली की पुन्हा स्वच्छ होतात. काही जणांच्या डोळ्यांतून उलट पाणी वाहते. "डोळे कोरडे पडलेत" असे सांगितले की ते म्हणतात, "डॉक्टर, कोरडे कुठले, सारखं पाणी येतंय." पण ते पाणी कोरड्या जागेला टोचणी लागल्यामुळेच येते.

यात पंख्याचा किंवा एसीचा वारा तोंडावर असेल तर कोरडेपणा वाढतो. मॉनिटर उंचावर असेल तर डोळे जास्त उघडे राहतात आणि जास्त भाग सुकतो. म्हणून पहिले दोन उपाय अगदी फुकटचे आहेत. पंख्याचे तोंड फिरवा, आणि मॉनिटर त्या डब्यावरून खाली उतरवा. पडद्याची वरची कड आपल्या डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी. पडदा डोळ्यांपासून हातभर दूर, म्हणजे वीस ते अठ्ठावीस इंचांवर असावा. अक्षरे बारीक वाटली तर आपण पुढे वाकायचे नाही, अक्षरे मोठी करायची. कंट्रोलचे बटण दाबून धरून माऊसचे चाक पुढे फिरवले की बहुतेक ठिकाणी अक्षर मोठे होते.

उजेड किती असावा?

याचे एकच आकड्यातले उत्तर नाही, कारण ते खोलीवर अवलंबून आहे. दुकानात ट्यूबलाइटच्या झगमगाटात मॉनिटर उठून दिसावा म्हणून बहुतेक मॉनिटर कारखान्यातून भरपूर उजेडावर लावूनच येतात. घरी आणल्यावर कोणी ते बदलत नाही. घरातल्या किंवा कार्यालयातल्या नेहमीच्या उजेडाला पुष्कळदा त्याच्या निम्मा उजेडही पुरतो.

एक सोपी परीक्षा सांगतो. पडद्यावर कोरे पांढरे पान उघडा. एक साधा पांढरा कागद पडद्याशेजारी धरा. पडदा दिव्यासारखा, कागदाला मळका ठरवणारा दिसत असेल तर उजेड जास्त आहे. पडदा करडा, मरगळलेला दिसत असेल तर कमी आहे. दोन्ही साधारण सारखे दिसले की ठीक. ही परीक्षा सकाळी एकदा आणि दिवे लागल्यावर एकदा करावी, कारण खोलीचा उजेड बदलतो तसा पडद्याचाही बदलायला हवा.

काळोख्या खोलीत प्रखर पडद्याकडे का पाहू नये? आपली बाहुली उजेडात लहान आणि अंधारात मोठी होते. पडदा लख्ख आणि भोवती काळोख असेल तर नजर पडद्यावरून कागदावर किंवा कीबोर्डवर गेली की दर वेळी डोळ्याला जुळवून घ्यावे लागते. दिवसातून हजारो वेळा ही कसरत झाल्यावर संध्याकाळी कपाळ धरले तर नवल काय? उलट, भर उजेडात पडदा अगदी मंद ठेवला तर डोळे बारीक करून, पुढे झुकून वाचावे लागते. तेही तितकेच वाईट. "उजेड कमी तितका चांगला" असा गैरसमज करून घेऊ नये.

आता हे बटण कुठे असते ते सांगतो, कारण अनेक जण येथेच अडतात. लॅपटॉपमध्ये उजेड कीबोर्डवरच्या बटणांनी किंवा विंडोजच्या सेटिंगमधून कमी-जास्त होतो. टेबलावरच्या संगणकात मात्र विंडोजमध्ये ती पट्टी बहुधा दिसतच नाही. कारण तो उजेड मॉनिटरच्या ताब्यात असतो. मॉनिटरच्या खालच्या कडेला, कधी उजव्या बाजूला किंवा पाठीमागे लहान बटणे असतात. त्यांतले मेन्यूचे बटण दाबले की पडद्यावर यादी उघडते. त्यात ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट ही दोन नावे सापडतील. ब्राइटनेस कमी करा आणि कॉन्ट्रास्ट शक्यतो आहे तिथेच राहू द्या. त्याच यादीत डायनॅमिक कॉन्ट्रास्ट किंवा इको अशी सोय असते. ती चालू असेल तर काही मॉनिटर समोरच्या चित्राप्रमाणे आपणहून उजळ-मंद होत राहतात. वाचन-लेखनाचे काम करणाऱ्यांना याचा त्रास होतो. आपला पडदा असा स्वतःहून बदलत असेल तर ती सोय बंद करावी.

आणखी एक बारकावा. काही मॉनिटरमध्ये उजेड कमी केला की आतले दिवे खरोखर मंद होत नाहीत. ते सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होऊ लागतात आणि आपल्याला ते मंद भासतात. बहुतेकांना काही जाणवत नाही, पण थोड्या लोकांचे यानेच डोके दुखते. "उजेड कमी केल्यापासून जास्तच दुखतंय" असे कोणी म्हटले तर त्याला वेडा ठरवू नये. अशांनी पडदा मध्यम उजेडावर ठेवून खोलीत दिवा वाढवावा. नवा मॉनिटर घ्यायचाच असेल तर फ्लिकर-फ्री लिहिलेला घ्यावा.

खिडकी कुठे आहे?

पडद्यामागे उघडी खिडकी असेल तर डोळे दिपतात. पाठीमागे खिडकी असेल तर तिची तिरीप पडद्यावर पडून अक्षरे पुसट होतात. खिडकी आपल्या डाव्या किंवा उजव्या हाताला असणे सर्वांत बरे. टेबल फिरवणे शक्य नसेल तर पडदा लावा, निदान जुनी चादर तरी टांगा. आमच्या या मुलीच्या गाळ्याचे तोंड फिरवणे शक्य नव्हते. तिने टेबल नव्वद अंशांत वळवून भिंतीला लावले. गिऱ्हाईक समोर न येता बाजूला उभे राहू लागले, एवढाच काय तो फरक. पण पडद्याचा ब्राइटनेस शंभरावरून पस्तिसावर आणूनही अक्षरे तिला आधीपेक्षा स्पष्ट दिसू लागली.

वीज वाचवणारी सेटिंग आणि आपली प्रकृती

पूर्वीच्या पेटीसारख्या काचेच्या मॉनिटरवर एकच चित्र तासन्‌तास राहिले तर त्याचा कायमचा डाग काचेवर उमटत असे. म्हणून स्क्रीनसेव्हर आला, म्हणजे हलणारे मासे, फिरणाऱ्या नळ्या वगैरे. अनेकांना अजून वाटते की त्याने वीज वाचते किंवा डोळ्यांना आराम मिळतो. दोन्ही खरे नाही. पडदा पूर्ण उजळच असतो. वीज वाचवायची तर पडदा बंद झाला पाहिजे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२ साली 'एनर्जी स्टार' योजना सुरू केली, तेव्हा तिच्यात सर्वप्रथम संगणक आणि मॉनिटरच घेतले होते, ते यासाठीच. काम नसताना यंत्राने आपणहून झोपी जावे ही त्यामागची कल्पना.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्यात पॉवर उघडले की दोन वेळा ठरवता येतात. एक, किती मिनिटांनी पडदा बंद व्हावा आणि दुसरी, किती मिनिटांनी संगणक स्लीपमध्ये, म्हणजे झोपेत जावा. अनेक ठिकाणी दोन्हीपुढे "नेव्हर", म्हणजे कधीच नाही, असे करून ठेवलेले असते, कारण पुन्हा पासवर्ड टाकण्याचा कंटाळा. माझ्या मते पडद्याला पाच ते दहा मिनिटे आणि झोपेला अर्धा तास हे बहुतेकांना सोयीचे पडते.

हिशेब करून पाहा. साध्या संगणकाची पेटी नुसती चालू असताना साधारण साठ वॅट आणि मॉनिटर पंचवीस वॅट धरू. रात्री आठ ते सकाळी नऊ असे तेरा तास तो तसाच जळत राहिला तर एका रात्रीत एक युनिटाहून थोडी जास्त वीज जाते, म्हणजे महिन्याला तेहतीस युनिट. आपल्या बिलावरच्या दराने गुणा, उत्तर मिळेल. झोपेतला संगणक यापेक्षा फारच थोडी वीज घेतो. मॉनिटरचा ब्राइटनेस कमी केला की त्याचीही वीज वाचते. डोळ्यांसाठी जे हितकर, तेच खिशासाठीही हितकर, असे वैद्यकात फार क्वचित घडते.

यात प्रकृतीचा संबंध काय, असे कोणी विचारेल. तो असा. पडदा पाच मिनिटांनी काळा होतो हे माहीत असले की चहाला उठलेला माणूस पडद्यावर डोळा ठेवून उभ्या-उभ्या चहा पीत नाही. पण येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ही सेटिंग कामाच्या मध्ये तुम्हाला थांबवणार नाही, कारण माऊस हलत असेपर्यंत संगणक जागाच राहतो. विश्रांती आपली आपणच घ्यायला हवी. त्यासाठी वीस-वीस-वीसचा नियम लक्षात ठेवा. दर वीस मिनिटांनी, वीस फुटांपलीकडच्या वस्तूकडे, वीस सेकंद पाहा. जवळचे पाहताना डोळ्यातला एक स्नायू सतत आवळलेला असतो. दूर पाहिले की तो सैल पडतो. समोरच्या दुकानाची पाटी, रस्त्यापलीकडचे झाड, काहीही चालेल. मोबाईल पाहणे मात्र या विश्रांतीत धरू नये. आणि त्या वीस सेकंदांत चार-पाच वेळा पापण्या सावकाश, पूर्ण मिटा.

भारनियमन आणि यूपीएस

आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. वीज गेली की खोलीतला दिवा जातो आणि यूपीएसवर पडदा चालू राहतो, म्हणजे डोळ्यांना जे सर्वांत वाईट तेच नेमके घडते. लहान यूपीएस हा काम चालू ठेवण्यासाठी नसून काम जतन करून संगणक नीट बंद करण्यासाठी आहे. काम अगदीच अडले असेल तर चार्ज होणारा एक एलईडी बल्ब खोलीत लावा. वीज गेली तरी तो आपणहून पेटत राहतो. आणि पडद्याचा ब्राइटनेस कमी करा, डोळ्यांबरोबर यूपीएसलाही थोडा दम मिळेल.

स्लीपबद्दल एक सावधगिरी. झोपेत गेलेल्या संगणकाला आपले उघडे काम लक्षात ठेवायला थोडी वीज लागतेच. वीज गेली आणि यूपीएसही उतरला तर न जतन केलेले काम जाऊ शकते. हायबरनेट नावाची सोय हे काम डिस्कवर लिहून ठेवते आणि मग संगणक पूर्ण बंद होतो. ती आपल्या यंत्रात असेल तर आपल्या भागात तीच बरी. नसेल तर उठण्यापूर्वी काम जतन करण्याची सवय लावावी. काम गेल्याच्या धसक्याने रक्तदाब वाढलेले लोक मी पाहिले आहेत!

रात्रीचा पडदा आणि झोप

पडद्याच्या उजेडात निळा भाग बराच असतो. डोळ्याच्या पडद्यात, म्हणजे दृष्टिपटलात, पाहण्याच्या पेशींखेरीज आणखी काही पेशी असतात. त्या निळसर उजेडाला जागून मेंदूला "अजून दिवस आहे" असा निरोप देतात. रात्री असा उजेड जास्त मिळाला की झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा पाझरते. विंडोजमध्ये सिस्टिम आणि डिस्प्ले येथे नाइट लाइट नावाची सोय आहे. तिने संध्याकाळनंतर पडदा पिवळसर होतो. ती जरूर लावावी, पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. उजेड कमी करणे आणि झोपण्यापूर्वी तासभर पडदा बंद करणे याचा उपयोग जास्त.

निळा उजेड अडवणाऱ्या चष्म्यांबद्दल मला आठवड्यातून एकदा तरी विचारले जाते. २०२३ साली कोक्रेन या संस्थेने सतरा चाचण्यांचा आढावा घेतला. पडद्यापुढे काम करताना येणारा डोळ्यांचा थकवा अशा चष्म्यांनी साध्या चष्म्यांपेक्षा कमी होतो असे त्यात दिसले नाही, निदान थोड्या काळापुरते तरी. उन्हातून आपल्याला मिळणारा निळा उजेड पडद्याच्या कितीतरी पट असतो. तेव्हा त्या जादा पैशांत घरात एक चांगला दिवा लावावा.

चाळिशीवाल्यांसाठी

चाळिशीचा चष्मा हा पोथी किंवा वर्तमानपत्र वाचण्यासाठी, म्हणजे फूट-सव्वा फुटासाठी असतो. पडदा दोन फुटांवर असतो. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर खालच्या भिंगातून पडदा पाहण्यासाठी हनुवटी वर करावी लागते आणि महिन्याभरात मान धरते. अशा मानदुखीसाठी पट्टे बांधून घेतलेले लोक माझ्याकडे येतात. मी स्वतः वर्षभर तसेच केले होते, हे कबूल करतो. नंबर तपासताना आपला पडदा किती इंचांवर आहे ते मोजून नेत्रतज्ज्ञांना सांगा. त्या अंतरासाठी वेगळा नंबर मिळतो.

सगळे खापर पडद्यावर फोडू नका

पडद्याने डोळे थकतात, कोरडे पडतात. पण नेहमीच्या पडद्याच्या उजेडाने मोठ्या माणसाचे डोळे कायमचे बिघडतात असा पुरावा नाही. म्हणून घाबरू नये. मात्र प्रत्येक तक्रार "कॉम्प्युटरमुळेच" असे समजून घरी बसणे त्याहून धोक्याचे. एकाएकी डोळा तीव्र दुखून लाल होणे, दिव्याभोवती रंगीत कडी दिसणे, त्याबरोबर उलटी होणे, नजर अचानक जाणे, डोळ्यांपुढे विजा चमकणे किंवा काळे ठिपके एकदम वाढणे, एकाची दोन दिसणे, झोपेतून उठवणारी डोकेदुखी, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. चाळिशीनंतर रक्तदाब, साखर आणि डोळ्यांतला दाब तपासून घ्यावा. मधुमेह असणाऱ्यांनी वर्षातून एकदा दृष्टिपटल तपासलेच पाहिजे, मग संगणक वापरोत वा न वापरोत.

आणि थेंबांबद्दल. कोरडेपणासाठी नुसते ओलावा देणारे थेंब मिळतात, ते डॉक्टरांना विचारून वापरता येतात. पण डोळे लाल झाले म्हणून जुनी बाटली दाखवून नवी घेऊ नका. शेजारणीचे थेंब आपल्या डोळ्यांत घालू नका. उघडलेली बाटली महिन्याभराने टाकून द्या. स्टिरॉइडच्या थेंबांनी लाली लगेच जाते, म्हणूनच ते फसवे आहेत. दाब वाढत असताना दुखत नाही, खुपत नाही, काही कळत नाही.

थोडक्यात

१. पडद्याशेजारी पांढरा कागद धरून उजेड जुळवा, दिवसा आणि रात्री वेगळा.
२. खिडकी बाजूला, वारा पाठीला, पडदा हातभर दूर आणि डोळ्यांच्या रेषेखाली.
३. वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद पाहा. पापण्या पूर्ण मिटा.
४. पडदा पाच-दहा मिनिटांनी आपणहून बंद व्हावा अशी सेटिंग ठेवा.
५. वीज गेली की काम जतन करा. काळोखात काम करू नका.
६. चिठ्ठीवर लिहिलेल्या दिवसांपलीकडे डोळ्यांत थेंब घालू नका.

ती मुलगी परवा मुलाच्या लसीसाठी आली होती. "डोळे कसे आहेत गं?" मी विचारले. "संध्याकाळी कधीतरी जड होतात, पण माती गेल्यासारखं नाही वाटत," ती म्हणाली. दर सहा महिन्यांनी दाब तपासायचे तिने कॅलेंडरवर लिहून ठेवले आहे. मीही एक गोष्ट लिहून ठेवली आहे. डोळ्यांचे कुठलेही औषध देताना आता चिठ्ठीच्या तळाशी "पुन्हा घेऊ नये" असे ठळक अक्षरांत लिहितो आणि वाचूनही दाखवतो. त्याआधी एक प्रश्न विचारतो, जो तेव्हा विचारायचा राहिला होता: "दिवसभर कुठे बसता?"